नवी वास्तुकला पाहायची, तर अबू धाबी की दोहा?

मुंबईहून युरोपला किंवा अमेरिकेला निघालेले कितीतरी जण आखातात विमान बदलतात. तीन-चार तास विमानतळावर काढायचे आणि पुढं जायचं, हा नेहमीचा रिवाज. पण तिकीट काढतानाच मधे दोन दिवसांचा मुक्काम घालता येतो. आजच्या काळातल्या इमारती बघायची ज्याला ओढ आहे त्यानं तो जरूर घालावा. मग प्रश्न येतो तो अबू धाबीत उतरायचं की दोहात, याचा. या दोन शहरांत मिळून गेल्या वीसेक वर्षांत जगातल्या नामवंत वास्तुकारांनी जे बांधलंय, ते इतक्या जवळजवळ दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतं.

दुबई इथं मुद्दाम बाजूला ठेवली आहे. बुर्ज खलिफाचे ८२८ मीटर थक्क करणारे आहेतच, पण उंची हा इमारतीचा एकच गुण झाला. वाळवंटात इमारत जोखायची ती माझ्या मते सावलीवरून. ती सावली कशी मिळवते, ती सावली कुणाला देते, आणि त्या सावलीत माणसाला थांबावंसं वाटतं का? अबू धाबी आणि दोहा या प्रश्नांची अगदी वेगवेगळी उत्तरं देतात, आणि निवड करायची ती त्या उत्तरांवरूनच.

तुलना सोपी करणारी एक गोष्टही आहे. ज्याँ नुव्हेल या फ्रेंच वास्तुकाराची एकेक मोठी इमारत दोन्ही शहरांत आहे. अबू धाबीतलं लूव्र हे संग्रहालय २०१७ मध्ये उघडलं, दोहातलं कतारचं राष्ट्रीय संग्रहालय २०१९ मध्ये. वास्तुकार तोच, हवामान तेच, पैशाची चणचण दोन्हीकडे नाही, आणि तरी दोन इमारती एकमेकींच्या अगदी उलट्या.

अबू धाबीचं लूव्र

सादियात बेटावरच्या या संग्रहालयाकडे गाडीनं जाताना फारसं काही दिसत नाही. पाण्याच्या कडेला एक चपटा, करडा घुमट, त्याखाली पांढरी ठोकळेवजा घरं, बस. बाहेरून फोटो काढून परतणाऱ्याच्या हाती इथं काही लागत नाही. तिकीट काढून, एकदोन दालनं ओलांडून घुमटाखालच्या मोकळ्या जागेत आलात, की मग इमारत सुरू होते.

घुमटाचा व्यास १८० मीटर आहे. वजन साधारण ७,५०० टन, म्हणजे जवळपास आयफेल टॉवरच्या लोखंडाएवढं. हा सगळा भार फक्त चार खांबांवर आहे, आणि ते खांब खालच्या इमारतींच्या पोटात लपवलेले आहेत. एकमेकांपासून ते ११० मीटर लांब. त्यामुळे खाली उभं राहिल्यावर घुमट कशावर टेकला आहे हे कळतच नाही. घुमट म्हणजे जाळ्यांचे आठ थर : बाहेरचे चार स्टेनलेस स्टीलचे, आतले चार ॲल्युमिनियमचे, आणि मधे पाच मीटर जाडीचा पोलादी सांगाडा. प्रत्येक थरावर चांदण्यांची नक्षी आहे, पण दर थरात तिचा आकार आणि कोन बदललेला. अशा एकूण ७,८५० चांदण्या. उन्हाच्या तिरिपेला आठही थरांतून वाट काढावी लागते. वाटेत काही किरण अडतात, काही निसटतात. जमिनीवर जे पडतात ते कवडसे सूर्याबरोबर सरकत राहतात. एक कवडसा पकडून पाच मिनिटं बघत राहा; तो मोठा होतो, फिकट होतो, मिटतो, आणि वीतभर पलीकडे दुसरा उमटतो.

ही कल्पना नुव्हेल यांच्या डोक्यात अचानक आलेली नाही. पॅरिसमधल्या अरब जगत संस्थेची त्यांची इमारत १९८७ची. तिच्या दक्षिणेकडच्या काचेमागे उजेडानुसार उघडणाऱ्या-मिटणाऱ्या धातूच्या झडपा बसवल्या होत्या. अरबी घरांच्या खिडक्यांना लाकडी जाळी असते, तिला मश्रबिया म्हणतात. त्या जाळीवरच ती रचना बेतलेली होती. अबू धाबीत यंत्र गेलं, फिरणारा सूर्यच यंत्राचं काम करू लागला. मला यातली प्रगती फार मोलाची वाटते. तीस वर्षं एकाच प्रश्नाला चिकटून राहिलं की उत्तर सोपं होत जातं, त्याचा हा धडधडीत पुरावा आहे.

घुमटाखाली एकसंध इमारत नाही. लहानमोठ्या ५५ घरांची वस्ती आहे, अरबी गावातल्या घरांसारखी दाटीवाटीनं रचलेली, मधून बोळ, आणि पायऱ्यांपर्यंत आलेलं समुद्राचं पाणी. बांधकाम कोरड्या जमिनीवर झालं, बांध घालून समुद्र थोपवला होता, आणि शेवटी पाणी आत सोडलं. सावली, पाण्यावरून येणारा वारा आणि फिकट रंगाचा दगड यांच्यामुळे ही मोकळी जागा बाहेरच्यापेक्षा जाणवण्याइतकी गार राहते. दालनांमधली एसीची हवा सोडून लोक इथं येऊन बसतात. मुलं कवडशांवरून उड्या मारतात. खरं म्हणजे छताखालची ही जागा बाहेरचीच आहे, आणि आखाती उकाड्यात बाहेर बसायला लावणं ही साधी गोष्ट नाही.

माझी एकच तक्रार आहे. ही सावली तिकिटामागे आहे. शहरातल्या माणसाला संध्याकाळी सहज चालत येऊन टेकावं असं तिथं करता येत नाही, आणि बेटही वस्तीपासून अलग आहे.

त्याच हाताची दोहातली इमारत

कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयाचं दर्शन याच्या नेमकं उलट. किनाऱ्याच्या रस्त्यावरून जाताना ते डोळ्यांत भरतंच. वाळवंटात खारट पाणी, वाळू आणि जिप्सम यांच्यापासून पाकळ्यांचे दगडी स्फटिक तयार होतात, त्यांना वाळवंटातले गुलाब म्हणतात. ही इमारत म्हणजे तोच स्फटिक साडेतीनशे मीटर लांब केलेला. एकूण ५३९ तबकड्या, १४ पासून ८७ मीटर व्यासापर्यंतच्या, एकमेकींत घुसलेल्या, कललेल्या, आडव्या-तिडव्या. त्यांच्यावर तंतुमिश्रित काँक्रीटचे ७६,००० वाळूरंगी तुकडे बसवलेले. सरळ उभी भिंत शोधूनही सापडत नाही. तबकड्या एकमेकींवर सावली धरतात, खिडक्या त्यांच्या बगलेत खोल दडलेल्या आहेत, म्हणजे हा आकार केवळ दिखाऊ नाही. उन्हाचा विचार इथंही आहे.

पण आत गेल्यावर मला ही इमारत दमवते. दीड किलोमीटर लांबीचा दालनांचा मार्ग, अकरा दालनं, तिरक्या भिंती, उतरती जमीन, आणि त्या तिरक्या भिंतींवर चालणारे प्रचंड चलच्चित्रपट. पहिल्या दोन दालनांत भान हरपतं. पुढं मात्र भिंत आणि चित्रपट दोघंही एकाच वेळी आपल्याशी बोलू लागतात आणि कुणाचंच नीट ऐकू येत नाही. अबू धाबीच्या घुमटाखाली जो निवांतपणा आहे तो इथं मिळतो तो फक्त मधल्या चौकात. तबकड्यांनी वेढलेला शेख अब्दुल्ला बिन जासिम अल थानी यांचा जुना राजवाडा तिथून दिसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा तो बसका, पांढरा वाडा आणि त्याच्याभोवती फुललेला हा दगडी गुलाब, हे दृश्य मात्र विसरण्यासारखं नाही.

मराठी वाचकानं इथं एका वस्तूसाठी मुद्दाम थांबावं. बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी १८६५च्या सुमारास बनवून घेतलेला मोत्यांचा गालिचा या संग्रहालयात आहे. आखाती समुद्रातले पंधरा लाखांच्या आसपास मोती, सोबत हिरे, माणकं आणि रंगीत काचमणी. आपण ज्यांना बसरा मोती म्हणतो ते याच पाण्यातले. त्या काळी आखातातला मोती विकला जायचा तो प्रामुख्यानं मुंबईच्या बाजारात. पुढं जपानमधले संवर्धित मोती आले आणि १९३०च्या दशकापर्यंत हा धंदा बसला. तेल सापडण्याआधीचा कतार समजून घ्यायचा तर तबकड्यांपेक्षा हा गालिचा जास्त सांगतो, आणि तो मराठा दरबारातून तिथवर गेलेला आहे.

नुव्हेल विरुद्ध नुव्हेल असा सामना लावायचा, तर माझं मत स्पष्ट आहे : अबू धाबी. बाहेरून काहीच न दाखवता आत सगळं देणारी इमारत बांधायला जास्त धीर लागतो.

पण दोहाकडे पेई आहेत

इथं पारडं फिरतं. इओ मिंग पेई यांनी पॅरिसच्या लूव्रच्या अंगणात काचेचा पिरॅमिड उभा केला होता. आखातात लूव्रचं नाव अबू धाबीला मिळालं, पेई मात्र दोहाच्या वाट्याला आले. इस्लामी कला संग्रहालयाचं काम त्यांनी निवृत्तीनंतर, ऐंशी ओलांडल्यावर स्वीकारलं. २००८ मध्ये इमारत उघडली तेव्हा ते ९१ वर्षांचे होते.

इस्लामी वास्तुकलेचा गाभा काय, हे आपल्याला माहीत नाही असं समजून ते शोधायला निघाले. स्पेनमधलं कोर्दोबा, आपलं फत्तेपूर सिक्री, दमास्कस, ट्युनिशियातले किल्ले, सगळं पाहिलं. मन भरलं ते कैरोत, इब्न तुलून मशिदीच्या अंगणात. तिथं वजू करण्यासाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी बांधलेली घुमटी आहे : खाली चौकोन, त्यावर अष्टकोन, त्यावर घुमट. अंगावर एकही दागिना नाही. ऊन पडतं तेव्हा कोन आणि सावल्या हेच तिचं अलंकरण. दोहाचं संग्रहालय या घुमटीतून आलं आहे.

शहर वाढेल आणि उद्या शेजारी उंच इमारती येतील हे पेई यांनी ओळखलं होतं. त्यांनी देऊ केलेल्या जागा नाकारल्या आणि किनाऱ्यापासून साठ मीटरवर स्वतंत्र बेट भरून मागितलं. आज पलीकडे वेस्ट बे या नव्या भागाचे मनोरे दाटीनं उभे आहेत, आणि ही इमारत मात्र पाण्यात एकटी, मोकळी. वास्तुकाराची दूरदृष्टी इतक्या उघडपणे डोळ्यांना दिसावी असं फार कमी ठिकाणी होतं.

जवळ जाल तसा फिकट चुनखडीचा दगड दिवसभर रंग पालटताना दिसतो. सकाळी करडा, दुपारी जवळजवळ पांढरा, संध्याकाळी मधाळ. एकावर एक, कोन बदलत चढत गेलेले घनाकार, आणि प्रत्येकाची सावली खालच्यावर पडलेली. बाहेर घुमट दिसत नाही. तो वरच्या चौकोनी मनोऱ्यात लपलेला आहे, आत गेल्यावर मान वर करून बघायचा. उत्तरेला, ऊन थेट येत नाही त्या बाजूला, ४५ मीटर उंच काच आहे आणि तिच्यातून समुद्र थेट आत येतो. बाकी भिंती जवळजवळ बंद. कुठं उघडायचं आणि कुठं मिटायचं हे इतकं नेमकं जमलंय, की तिथं इमारत कशी वाचायची हे आपोआप कळू लागतं. वास्तुकलेची सवय नसलेल्या माणसाला मी आधी इथंच पाठवेन.

शेजारची बाग सगळ्यांना खुली आहे. तिच्या टोकाला रिचर्ड सेरा यांचं २४ मीटर उंचीचं, सात पोलादी पत्र्यांचं शिल्प आहे. संध्याकाळी तिथं कुटुंबंच्या कुटुंबं येतात, कामावरून सुटलेली माणसं गवतावर लवंडलेली असतात. मल्याळम, बंगाली, हिंदी कानावर पडतं, कधीकधी मराठीही. सावली कुणाला, या प्रश्नावर दोहा इथं पुढं जातं.

आणि तिसरं नाव रेम कोल्हास यांचं. एज्युकेशन सिटी या दोहातल्या विद्यापीठांच्या परिसरातल्या कतार राष्ट्रीय ग्रंथालयासाठी (२०१८) त्यांनी जे केलं ते ऐकायला सोपं आहे : एका मोठ्या खोलीचे कोपरे वर उचलले. त्या उचललेल्या कोपऱ्यांखालून तुम्ही चालत येता ते थेट मध्यभागी पोचता, आणि चारी बाजूंनी पुस्तकांच्या पायऱ्या चढत गेलेल्या दिसतात. दहा लाखांहून जास्त पुस्तकं एकाच नजरेत. शेल्फ जमिनीच्याच पांढऱ्या संगमरवराचे, म्हणजे शेल्फ आणि इमारत वेगळी काढताच येत नाही. पन्हाळीदार काचेतून मवाळ उजेड येतो. मधोमध जमिनीत सहा मीटर खोल खणलेला, बदामी दगडाचा भाग आहे. जुनी हस्तलिखितं आणि नकाशे तिथं ठेवले आहेत, उत्खननात सापडलेल्या वास्तूत उतरावं तसं खाली उतरायचं. प्रवेश फुकट, आत शाळेची मुलं अभ्यास करत बसलेली. ज्या घरात पुस्तकांचं वेड आहे, त्यांनी केवळ या एका खोलीसाठी दोहा निवडलं तरी मी त्यांना वेड्यात काढणार नाही.

बाकीचं, भराभर

अबू धाबीची बाजू अलीकडे भक्कम होत चालली आहे. लूव्रजवळच नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेनं रचलेलं झायेद राष्ट्रीय संग्रहालय डिसेंबर २०२५ मध्ये उघडलं. ससाण्याच्या पंखांसारखे त्याचे पाच पोलादी मनोरे गरम हवा वर खेचून घेण्यासाठी आहेत. डेव्हिड अजाये यांचं अब्राहमिक फॅमिली हाउस (२०२३) मला विशेष वाटतं. मशीद, चर्च आणि सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) असे तीन घन, तिन्ही तीस मीटरचे, कुणी मोठं नाही की छोटं नाही. पण प्रत्येक आपापल्या दिशेला वळलेलं, म्हणून बागेत उभं राहून पाहिलं तर तिघांची सावली तीन तऱ्हेची. शहरातल्या अल बहर मनोऱ्यांच्या (२०१२) अंगावरच्या छत्र्या सूर्य फिरेल तशा उघडतात-मिटतात. गुगनहाइम हे कला संग्रहालय २००६ मध्ये जाहीर झालं, आणि त्याचं दार उघडण्याआधीच त्याचे वास्तुकार फ्रँक गेरी डिसेंबर २०२५ मध्ये गेले. शेख झायेद मशीद भव्य आहे, पाहावीच, पण ती परंपरेतली वास्तू. या तुलनेत तिला ओढत नाही.

दोहात नुव्हेल यांचाच २३८ मीटर उंच दोहा टॉवर, आराता इसोझाकी यांच्या कन्व्हेन्शन सेंटरच्या दर्शनी भागातले वडाच्या पारंब्यांसारखे पसरलेले पोलादी वृक्ष, आणि एज्युकेशन सिटीची दोन झेपावत्या मिनारांची मशीद. मशेरेब हा नवा मध्यभाग मात्र निवांत बघा. रस्ते मुद्दाम अरुंद ठेवलेत आणि असे वळवलेत, की समोरासमोरच्या घरांची सावली पायवाटेवर पडावी, समुद्राचा वारा आत यावा. फोटोत तो साधा वाटतो, दुपारी तीनला चालून पाहिलं की त्याचं महत्त्व कळतं.

मशेरेबमध्येच चार जुन्या घरांची संग्रहालयं आहेत, आणि त्यातल्या दोघांबद्दल बोलल्याशिवाय ही तुलना प्रामाणिक होणार नाही. एकात आखातातल्या गुलामगिरीचा इतिहास आहे, दुसऱ्यात तेल कंपनीच्या पहिल्या कामगारांच्या कहाण्या. या सगळ्या झळझळीत इमारती ज्यांच्या हातांनी उभ्या राहिल्या त्यांत भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तानची माणसं आहेत. रत्नागिरी-रायगडातल्या कित्येक घरांना हे सांगायला नको. सादियातवरच्या कामगारांच्या स्थितीवर ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेनं २००९ मध्येच अहवाल काढला होता. कतारवर फुटबॉल विश्वचषकाच्या तयारीच्या काळात जगभरातून टीका झाली, आणि २०२० मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा देणारा कायदा झाला. या एका मुद्द्यावर कुणी शहर निवडावं किंवा नाकारावं असं मी म्हणणार नाही, दोघांचाही हिशोब अपुरा आहे. पण दोहानं निदान ती गोष्ट सांगायला शहराच्या मध्यावर दोन घरं दिली आहेत.

मग उतरायचं कुठं?

एकच दिवस हातात असेल तर अबू धाबी. सकाळी लूव्र उघडताच आत जा, दालनं आधी उरका आणि ऊन डोक्यावर येईल तेव्हा घुमटाखाली असा. कवडसे त्या वेळी सर्वांत ठळक असतात. सोमवारी ते बंद असतं, हे तिकीट काढतानाच लक्षात ठेवा. दुबईला नातेवाईक असतील तर दीडेक तासाच्या रस्त्यानं सकाळी येऊन रात्री परत जाता येतं. सोबत वयस्कर आई-वडील असतील तरीही अबू धाबीच बरं. एकाच ठिकाणी बसून बघण्यासारखं आहे, आणि चालणं कमी.

दोन पूर्ण दिवस असतील, आणि इमारती बघायला शिकायचं असेल, तर दोहा. आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलामुलींना तर मी दुसरं काही सुचवणारच नाही. तीन मोठे वास्तुकार, तीन स्वभाव, आणि सगळे मेट्रोच्या टप्प्यात. विमानतळ, राष्ट्रीय संग्रहालय आणि ग्रंथालय या तिन्ही ठिकाणी स्वतःची स्टेशनं आहेत. अबू धाबीत टॅक्सीवाचून पान हलत नाही, आणि खर्चाचा मोठा फरक तिथंच पडतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी याखेरीज इतर वेळी जाऊ नका. उन्हाळ्यात दोन्ही शहरांत इमारतीच्या दारापासून गाडीच्या दारापर्यंतच चालणं होतं, आणि ज्या सावल्या बघायला आलात त्यांच्यात उभंच राहवत नाही. व्हिसाचे नियम दोन्ही देशांचे अधूनमधून बदलतात, म्हणून मुक्काम ठरवण्याआधी ते बघा. दोहात शुक्रवारी सकाळी बरंच काही बंद असतं, तेव्हा शुक्रवार आला तर सकाळ किनाऱ्याच्या रस्त्याला द्या. राष्ट्रीय संग्रहालयापासून इस्लामी कला संग्रहालयापर्यंत हिवाळ्यात आरामात चालत जाता येतं, आणि दोन्ही इमारती बाहेरून पाहण्यासाठी कुणाचं दार उघडावं लागत नाही.